खालची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. सांगायचं म्हणून दोनतीनदा तोंड उघडलं, पण बाहेर दुसरंच काही आलं. कांद्याचे भाव, पोरांच्या शाळा, गाडीचं सर्व्हिसिंग. आता तुम्ही समोर बसलेले दिसत नाही, म्हणून धीर होतोय की काय कोण जाणे.

गोष्ट तशी लहान आहे. इतकी लहान की ऐकून तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? कुणाची जमीन गेली नाही, कुणाला मार बसला नाही. मी स्वतःची समजूत अशीच घालत आलो. पण समजूत घालावी लागते याचा अर्थ काय होतो, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

अण्णांपासून सुरुवात करतो. अण्णा म्हणजे माझे वडील. तिसगावला आमची शेती आहे, थोडी बागायत, बाकी कोरडवाहू. सकाळी डेअरीला दूध घालून झालं की अण्णा पेठेतल्या बबनच्या केस कापायच्या दुकानात जायचे आणि तिथे मोठ्याने पेपर वाचायचे. दाढीला आलेल्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण अण्णांचं वाचणं ऐकायला माणसं थांबायची. मंत्र्याची बातमी ते मंत्र्याच्याच आवाजात वाचायचे. बाजारभाव आले की आवाज पाडायचे, क्रिकेट आलं की चढवायचे. लग्नाच्या जाहिरातीवर त्यांची वेगळी टिप्पणी असायची, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दाढी झालेली माणसंसुद्धा उठायची नाहीत, आणि बबन म्हणायचा, अण्णा, आता गिऱ्हाईक बसवू कुठं?

मग त्यांचे डोळे गेले. सगळे नाही, मधले. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या मधोमध खराबी आहे, समोरचं दिसणार नाही, कडेचं दिसत राहील. तसंच झालं. माझा चेहरा बघायचा असला की अण्णा माझ्या कानाकडे बघायचे. जेवताना ताटातलं दिसावं म्हणून नजर वर भिंतीकडे लावायचे. नजर वर ठेवली की खालचं दिसायचं. अनोळखी माणसाला वाटायचं, म्हातारा कुणाशी बोलतोय? आम्हाला सवय झाली होती. पण पेपर सुटला. अण्णा बबनकडे जायचे आणि ऐकत बसायचे, आणि ऐकत बसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. दुसऱ्याने वाचलेलं त्यांना अळणी लागायचं.

आता माझं. मी नगरला एका लहानशा कंपनीत मोबाईलची ॲप बनवतो. कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय, ते चालवून घ्या. त्या वर्षी आमचं काम नजर अधू असलेल्या माणसांसाठीच्या ॲपचं होतं. छापील कागदावर फोन धरायचा, स्क्रीनवर कागद दिसतो, त्यातल्या हव्या त्या ओळीवर बोट टेकवायचं की फोन ती ओळ वाचून दाखवतो. वाचायचा भाग दुसऱ्यांचा होता. बोट कुठे टेकलं आणि त्या जागी फोटोत कोणती ओळ आहे हे शोधायचा भाग माझा.

ते अजून पुरतं तयारही नव्हतं, तेवढ्यात मी ते अण्णांच्या फोनमध्ये टाकून दिलं. खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो, फोन उभा धरला, त्यांचं बोट धरून स्क्रीनच्या मध्यावर टेकवलं. फोनने ओळ वाचली. अण्णा एकदम हसले. "आरं तिच्या!" म्हणाले. मग माझ्या कानाकडे इतका वेळ बघत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बबनच्या दुकानात. फोन एक ओळ वाचायचा आणि तीच ओळ अण्णा पुन्हा आपल्या आवाजात वाचायचे, कारण फोनच्या आवाजातली बातमी कुणी बातमी मानायला तयार नव्हतं. दुकान परत भरलं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, माझ्या दत्तानं केलंय ह्ये. हे मला बबननेच सांगितलं. मी वरवर म्हणालो, त्यात काय एवढं. आतून फुगलो होतो—खोटं कशाला बोलू.

थोड्या दिवसांनी अण्णांचा फोन आला. "दत्ता, ह्ये कदीमदी खालचंच वाचतंय रं." मी ऑफिसात होतो, डोकं दुसऱ्या कशात तरी. बघतो म्हणावं, एवढंही सुचलं नाही. म्हणालो, अण्णा, बोट नीट टेकवा, घाई करू नका. ते "बरं" म्हणाले. नंतर आई सांगत होती की दुपारची झोप सोडून ते जुना पेपर घेऊन बसतात आणि बोट टेकवायचा सराव करतात. पहिलीतलं पोर पाटीवर अक्षर गिरवतं तसे. आईला त्याचं हसू आलं होतं. मीही हसलो.

पण कबुली याची नाही. हा नुसता निष्काळजीपणा झाला, तो काय सगळ्यांकडून होतो. खरं पुढे आहे—आणि बघा, मी पुन्हा लांबण लावतोय.

रंगनाथ तात्या म्हणजे अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं एका वयाचे, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. तात्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून पोरांनी पेपरात जाहिरात दिली: फेट्यातला फोटो, खाली अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या शुभेच्छा. आपल्याकडच्या पेपरांची ती पानं तुम्हाला ठाऊकच आहेत. वर कुणाचा वाढदिवस, त्याच्या खालच्याच चौकटीत कुणाची दशक्रिया. दोन्हीकडे तसाच फोटो, तसाच फेटा.

त्या सकाळी दुकानात बबन एकटा झाडत होता. अण्णांनी कडेच्या नजरेने फोटो ओळखला, आपल्या रंगाचाच, फेट्यातला! त्याखालच्या ओळीवर बोट टेकवलं. फोन म्हणाला, "यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले."

खालच्या चौकटीतली ओळ होती ती. नाव तिच्या वरच्या ओळीत होतं, त्यामुळे फोनने नाव वाचलंच नाही. अण्णांना नावाची गरजही वाटली नाही, फोटो त्यांनी स्वतः बघितला होता. "रंगा गेला," एवढं बबनला म्हणाले आणि उठले. बबनने पेपर उचलून बघितलाही नाही. अण्णांनी वाचलेलं कुणी कशाला तपासेल?

तात्यांचं घर पेठेच्या दुसऱ्या टोकाला. अण्णा उपरण्याचा पदर तोंडाला लावून, रंगा रंगा करत, भर पेठेतून रडत गेले. डोळे आधीच तसले, त्यात पाणी. दाराचं तोरण त्यांना दिसलं नाही, रांगोळीवरून ते तसेच आत गेले. आत तात्या पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, सुना ओवाळायला उभ्या. अण्णांनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला.

तात्या मोठे माणूस. पाटावरून उठून त्यांनी अण्णांना मिठी मारली, म्हणाले, "आता म्या लई वर्सं जगनार बघ, तू मला मारून आयुष्य वाढीवलंस." पेढा भरवला. पण जमलेली माणसं हसायची थांबेनात, आणि दुपारपर्यंत पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता, हसण्यासारखंच होतं ते. अण्णा घरी आले आणि अंगणातच उभे राहिले. आईला म्हणाले, पाणी तापव. मयताच्या घरून आल्यावर आंघोळ करायची असते. इथे तर कुणी मेलंच नव्हतं. तरी त्यांनी आंघोळ केली.

रविवारी मी गेलो. तो पेपर आईने घडी घालून ठेवला होता. मी तो खाटेवर पसरला, फोन घेतला आणि अण्णांना म्हणालो, तुम्ही कसं धरता ते दाखवा. त्यांनी फोन आडवा धरला, अक्षर मोठं दिसावं म्हणून. आणि हवी ती ओळ स्क्रीनच्या अगदी खालच्या काठाला आणली, कारण त्यांना खालचंच तर दिसायचं. मी तसाच धरला, वाढदिवसाच्या ओळीवर बोट टेकवलं.

"दुःखद निधन झाले."

निधनाची ती ओळ स्क्रीनवर दिसतसुद्धा नव्हती. न दिसणारी ओळ फोन वाचत होता.

मला लगेच कळलं. तुम्हालाही सांगतो, अवघड नाही. कॅमेऱ्याचा फोटो असतो चौकोनाकडे झुकलेला आणि फोनची काच असते लांबोडकी. काच पूर्ण भरावी म्हणून फोटो मोठा करून बसवतात, आणि त्याचे दोन बाजूंचे काठ काचेबाहेर जातात. दिसत नाहीत, पण फोटोत असतात. घरातल्या भिंतीवरच्या फ्रेमचंच बघा, लाकडाच्या पट्टीखाली फोटोचा काठ दबलेला असतो. फ्रेममध्ये एखादी जागा तळापासून बोटभर वर असेल, तर मूळ फोटोत ती तळापासून बोटभर नसते. दबलेला काठ धरून मोजावं लागतं. मी तो धरलाच नव्हता. बोट अगदी मध्यावर टेकलं तर हिशोब आपोआप जुळायचा. जितकं काठाकडे जावं तितका चुकायचा. आणि फोन उभा असला तर चूक डावीउजवीकडे व्हायची, ओळ तीच राहायची. आम्ही ऑफिसात सगळे धड डोळ्यांचे, फोन उभा धरणारे आणि मध्ये बघणारे. काठाने बघणारा माणूस आमच्यात कोण होता?

अण्णांचं बोट बरोबर पडत होतं. आधीपासून, प्रत्येक वेळी. त्या सकाळीसुद्धा त्यांनी तात्यांच्या वाढदिवसावरच बोट ठेवलं होतं.

अण्णा समोर बसले होते. माझ्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं, "बोटाचं हाय, का डोक्याचं?"

कळतंय ना तुम्हाला, ते काय विचारत होते? चार दिवस त्यांनी हाच विचार केला असणार. बोट थरथरतं इतपत ठीक, पण डोकं जायला लागलं असेल तर? त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटी शेवटी डोकं गेलं होतं. ते चुलते घरच्यांना ओळखायचे नाहीत, आणि अण्णांनी ते जवळून बघितलं होतं. त्यांच्या प्रश्नात तिसरा पर्याय नव्हताच. मुलाने चूक केली असेल, हा.

मी म्हणालो, "बोटाचं, अण्णा. वय झालं की थरथरतं जरा."

हीच ती कबुली. झालं सांगून.

त्या क्षणी मला वाटलं, मी त्यांच्यावर दयाच करतोय. डोकं नाही, बोट—बघा, किती हलकं केलं त्यांचं ओझं! अण्णांनी खरंच सुस्कारा सोडला. पण मी ते कुणासाठी बोललो? बबनच्या दुकानात माझ्या नावाचा जो डंका वाजला होता, तो मला फुटू द्यायचा नव्हता. पेठ अण्णांना हसली होती, उद्या मला हसेल, एवढीच भीती. पंच्याहत्तरीच्या माणसाने हसू सहन केलं होतं आणि मला मात्र ते नको होतं.

दुरुस्ती मी त्याच आठवड्यात केली, प्रोग्रॅममधल्या चारदोन ओळींची होती. पुढच्या रविवारी त्यांच्या फोनमध्ये टाकलीही, नवीन काय काय आलंय असं काहीतरी पुटपुटत. त्यानंतर फोन कधीच चुकला नाही. पण आता अण्णा बोट टेकवायलाच तयार नव्हते. बबनकडे जायचे, पायरीवर टेकायचे, परत यायचे. त्याने पेपर पुढे केला की म्हणायचे, नको, माझं बोट चुकतंय. मग ते नुसतं पेपरापुरतं राहिलं नाही. शर्टाची बटणं आईकडून लावून घ्यायला लागले. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर, जो त्यांनी झोपेतही बरोबर दाबला असता, तो दाबायला शेजाऱ्याला हाक मारू लागले. विचारलं की एकच, बोट चुकतंय. त्यांचं बोट कधी थरथरलेलं मी बघितलं नाही. मी तसं म्हणालो होतो, म्हणून ते थरथरत होतं.

एकदा तात्या घरी आले होते. मीही होतो. तात्या सहज म्हणाले, "आरं, पोराच्या मशिनीतच खोट आसंल. तुजं बोट कशाला चुकंल?" मला वाटलं, सुटलो. आता नुसती मान हलवायची होती. पण माझ्याआधी अण्णाच बोलले, "न्हाई. दत्ताचं काम चोख आसतंय. माजंच बोट चुकतंय." केवढ्या अभिमानाने म्हणाले ते! मी कप तोंडाला लावला. चहा संपला होता.

आता याहून जड ते सांगतो. इतक्यावर थांबलो तर निम्मंच सांगितल्यासारखं होईल.

आमच्याकडे बाप-लेक एकमेकांना हात लावत नाहीत. पाया पडायचं, तेवढंच. लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून अण्णांनी माझा हात धरला असेल, त्यानंतर नाही. पण त्या प्रसंगानंतर दर रविवारी मी गेलो की अण्णा खाटेवर बसून उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे करायचे. तूच ठेव, म्हणायचे. मी ते बोट धरायचो—खरखरीत, नखाला चिरा, दुधाचा थोडा वास—आणि ओळीवर टेकवायचो. एक ओळ, मग दुसरी. सगळा पेपर असा व्हायचा. मध्येच ते मंत्र्याचा आवाज काढायचे, फक्त माझ्यासाठी. मी हसायचो. इतकं माझं त्यांच्याशी कधीच जमलं नव्हतं.

मला ते फार आवडायचं. खरं सांगितलं असतं तर ते बोट पुढे आलं नसतं, ते पुन्हा बबनच्या दुकानात गेलं असतं, दहा माणसांत. सुरुवातीला मी लाजेपोटी गप्प होतो हे खरं. पण नंतर? नंतर मी त्या रविवारांपायी गप्प राहिलो. पेठेचा माणूस मी माझ्या एकट्यापुरता घरात बसवून ठेवला.

अण्णा गेल्या वर्षी गेले. दुपारी शेतातून आले, पडतो जरा म्हणाले, ते उठलेच नाहीत. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तात्या आले होते, रडले, अजून चांगले हिंडतेफिरते आहेत.

एक मात्र राहिलं. अण्णा जायच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. त्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. दार उघडंच होतं. आत अण्णा एकटे, पुढ्यात पेपर, हातात फोन, आडवा. नजर वर आढ्याकडे. आपल्याला कुणी बघत नाही असं समजून त्यांनी बोट हळूच खालच्या काठाला नेलं आणि टेकवलं. फोनने वाचलं, कांद्याची आवक वाढल्याने भाव उतरले. त्यांनी आईला हाक मारली, "बघ गं, माजं बोट हाय तितं काय लिवलंय?" आई पदराला हात पुसत आली, वाकली, एकेक अक्षर लावत वाचलं. "कां-द्याची आ-वक... त्येच हाय की. बराबर हाय."

अण्णांचा चेहरा उजळला. मी बघितला. मग त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "चुकून लागलं आसंल."

ते चुकून लागलं नव्हतं. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं. मी चपला काढल्या, आत गेलो. माझी चाहूल लागताच अण्णांनी बोट पुढे केलं आणि मी ते धरलं.